रिटर्न भरणारा कुणीही असो, सही तुमचीच असते: रिटर्न भरण्याआधी काय काय तपासायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण इन्कम टॅक्स रिटर्नबद्दल बोललो. व्हिडिओत सगळे आकडे नीट सांगता येत नाहीत, म्हणून ते इथे लिहून देतोय. वही-पेन घेऊन वाचा.

सुरुवात एका फोनपासून करतो. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं किन्हीराजा हे गाव. तिथल्या एका ताईंची मिनी दालमिल आहे. तूर आणि हरभऱ्याची डाळ करतात, आजूबाजूच्या गावांत किराणा दुकानांना देतात. आता त्यांना पॅकिंग मशीन घ्यायचंय, त्यासाठी बँकेत गेल्या. बँकेने मागच्या तीन वर्षांची रिटर्न मागितली. ताईंनी फाईल काढून दिली. दोन दिवसांनी बँकेतून फोन आला, "मॅडम, मागच्या वर्षीचं रिटर्न पोर्टलवर व्हॅलिड दिसत नाहीये."

ताई मला म्हणाल्या, "सर, त्यानं भरून देल्लं, मी पैसे देल्ले, कागद हातात देल्ला. आता ते पोर्टलचं मले काय समजते?"

आम्ही फोनवर बोलत बोलत पोर्टल उघडलं. घोटाळा लगेच कळला. ताईंच्या नावावर बँकेत एफडी आहे. तिचं वर्षाचं व्याज ४६,००० रुपये. बँकेने त्यावर १० टक्के म्हणजे ४,६०० रुपये टीडीएस कापला होता. रिटर्न भरणाऱ्याने ते ४,६०० परत मागितले, पण ज्या व्याजावर ते कापले गेले ते ४६,००० उत्पन्नात दाखवलेच नाहीत. अशा रिटर्नला इन्कम टॅक्स कायद्याच्या कलम १३९(९) खाली 'डिफेक्टिव्ह', म्हणजे त्रुटी असलेलं रिटर्न ठरवून नोटीस येते. दुरुस्तीला १५ दिवस मिळतात. त्या मुदतीत उत्तर दिलं नाही तर ते रिटर्न अवैध ठरू शकतं, म्हणजे भरलंच नाही असं धरलं जातं.

नोटीस आली होती, पण ताईंपर्यंत पोचली नाही. कारण पोर्टलवर ईमेल आणि मोबाईल नंबर दोन्ही रिटर्न भरणाऱ्याचे होते!

चूक पाच मिनिटांत सुधारण्यासारखी होती, पण कळलीच नाही म्हणून कर्जाची फाईल थांबली. आजचा सगळा लेख या एका गोष्टीवर आहे. रिटर्न कुणाकडूनही भरून घ्या, पण तपासणं आणि माहिती आपल्या हातात ठेवणं हे काम आपलंच.

आधी तारखा आणि वर्षं

२०२५ मध्ये आपण जे रिटर्न भरलं ते १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या वर्षाच्या कमाईचं. याला आर्थिक वर्ष २०२४-२५ म्हणतात. फॉर्मवर मात्र कर निर्धारण वर्ष २०२५-२६ असं लिहिलेलं होतं. बरेच जण इथेच गोंधळतात.

ऑडिट लागत नाही अशा लोकांची मुदत तोपर्यंत ३१ जुलै असायची. २०२५ मध्ये फॉर्ममध्ये बरेच बदल झाले. त्यामुळे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २७ मे २०२५ ला जाहीर करून ती १५ सप्टेंबर २०२५ केली. पण आपल्या भागाचं तेव्हाचं कॅलेंडर बघा. आधी सोयाबीनची डवरणी, फवारणी. २२ ऑगस्टला पोळा, २७ ला गणपती, मग महालक्ष्म्या, ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. त्यानंतर हातात उरत होते जेमतेम नऊ दिवस, आणि शेवटच्या दिवसांत सगळा देश एकदम पोर्टलवर येतो. म्हणून काम आधीच उरका.

त्या वर्षी मुदत चुकली तर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत उशिराचं रिटर्न भरता येत होतं. त्याला लेट फी आहे. एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,००० रुपये, त्याच्या वर ५,००० रुपये.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. "सर, बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही ना?" मित्रांनो, ती घोषणा १ फेब्रुवारी २०२५ च्या बजेटमधली आहे आणि ती आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी आहे. त्याचं रिटर्न २०२५ मध्ये भरायचं नव्हतं. आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या रिटर्नला नव्या पद्धतीत ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून टॅक्स शून्य होत होता. व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज खरा असतो, पण कोणत्या वर्षाचा ते त्यात लिहिलेलं नसतं. म्हणून टॅक्सची कुठलीही बातमी वाचली की पहिला प्रश्न विचारायचा, "हे कोणत्या वर्षासाठी?"

पहिली तपासणी: सरकारला तुमच्याबद्दल काय माहिती आहे?

रिटर्न भरायच्या आधी दोन कागद काढायचे.

एक, फॉर्म २६एएस. तुमच्या पॅनवर कुणी किती टीडीएस कापून सरकारजमा केला, ते यात दिसतं. पोर्टलवर लॉगिन करून 'ई-फाईल' मध्ये, 'इन्कम टॅक्स रिटर्न्स' खाली हा मिळतो.

दोन, एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती पत्रक. हे २०२१ च्या नोव्हेंबरपासून सुरू झालं. यात टीडीएसशिवाय बचत खात्याचं आणि एफडीचं व्याज, शेअर-म्युच्युअल फंडाचे व्यवहार, जमीन-प्लॉटची खरेदी-विक्री, मोठे रोख भरणे, जीएसटी नंबर असेल तर तिथली उलाढाल असं बरंच काही असतं. पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो. तुमचा पॅन लहान अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख, मध्ये जागा न सोडता.

रोख भरण्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. वर्षभरात बचत खात्यांत मिळून १० लाख किंवा जास्त रोख भरली तर बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. चालू खात्यासाठी हीच मर्यादा ५० लाख आहे. धंद्याचा गल्ला रोज बचत खात्यात भरणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचा. धंद्याला चालू खातं वेगळं ठेवा.

आता हे दोन कागद आपल्या वहीसमोर ठेवायचे आणि ओळ ओळ जुळवायची. एआयएसमध्ये व्याज दिसतंय आणि वहीत नाही? वहीत लिहा. टीडीएस कापलाय असं समोरच्याने सांगितलं, पण २६एएसमध्ये दिसत नाही? त्याला फोन करा. त्याने पॅन चुकीचा टाकला असेल किंवा त्याचं टीडीएस रिटर्न भरायचं राहिलं असेल. जानेवारी ते मार्चच्या टीडीएसचं विवरण भरायला समोरच्याला ३१ मेपर्यंत मुदत असते, त्यामुळे चित्र जूनमध्ये पूर्ण होतं. मेमध्ये कागद काढून ठेवला असेल तर आता नवा काढा.

एआयएसमध्ये चूकही असू शकते. एकच व्यवहार दोनदा दिसतो, दुसऱ्या कुणाचा व्यवहार आपल्या पॅनवर येतो. अशा ओळीवर क्लिक करून तिथेच 'फीडबॅक' देता येतो. ही माहिती बरोबर नाही, ही दुसऱ्या पॅनची आहे, ही दोनदा आलीये, असे पर्याय असतात. फीडबॅक दिल्याची पोचपावती डाउनलोड करून फाईलला लावा.

एक उलटी बाजूही आहे. एआयएसमध्ये नाही म्हणून उत्पन्न लपवता येत नाही. दुकानदाराने डाळीचे रोख दिलेले पैसे तिथे दिसणार नाहीत, पण ते तुमची विक्रीच आहेत.

दुसरी तपासणी: फॉर्म बरोबर निवडलाय का?

हा मुद्दा गावाकडच्या उद्योजकांसाठी फार महत्त्वाचा आहे, आणि इथे खूप चुका होतात.

लहान धंद्याला सोपा फॉर्म म्हणजे आयटीआर-४, सुगम. एकूण उत्पन्न ५० लाखांपर्यंत आणि अंदाजित पद्धतीने नफा दाखवणार असाल तर हा चालतो. अंदाजित पद्धत म्हणजे कलम ४४एडी. उलाढाल २ कोटींपर्यंत असेल (रोख जमा ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ३ कोटींपर्यंत) तर प्रत्येक खर्चाचा हिशोब न देता ठराविक टक्के नफा दाखवता येतो. बँकेतून, यूपीआयने, चेकने आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के, रोख विक्रीवर किमान ८ टक्के.

पण आपल्याकडे दालमिलवाला असो, कृषी सेवा केंद्रवाला असो की किराणावाला, बहुतेकांच्या नावावर सात-बारा असतोच. शेतीचं निव्वळ उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर आयटीआर-४ चालत नाही. नोकरदारांच्या आयटीआर-१ लाही हीच अट आहे. अशा वेळी धंदा असलेल्याने आयटीआर-३ भरायचा. घाबरू नका, आयटीआर-३ मध्येही ४४एडीचा फायदा घेता येतो. फक्त फॉर्म मोठा आहे आणि २०२५ मध्ये त्याची युटिलिटी जुलैत आली, म्हणून लोक कंटाळा करतात.

मग होतं काय? सोपा फॉर्म भरता यावा म्हणून सेंटरवर शेतीच्या रकान्यात शून्य टाकतात. तुम्ही विचाराल, "शेतीला टॅक्स नाही, मग दाखवून काय मिळतं?" खरंय, शेतीवर टॅक्स नाही. पण अडत्याच्या पट्टीचे दीड-दोन लाख तुमच्या खात्यात आलेले असतात. उद्या कुणी विचारलं की हे पैसे कुठले, तर रिटर्नमध्ये शेती शून्य! खरा पैसा असून तो खरा ठरवायला धावपळ करावी लागते. आणि बँकेत कर्जासाठी गेलात की घराचं एकूण उत्पन्न कमी दिसतं, ते वेगळंच. एक मात्र सांगतो, धंद्याचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर गेलं तर टॅक्सचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्न जोडून हिशोब होतो. तो हिशोब सीएला करू द्या.

आपलीच तूर आपल्याच मिलमध्ये वापरत असाल तर त्या दिवसाच्या बाजारभावाने वहीत नोंद करा. तुरीपर्यंतचं उत्पन्न शेतीचं, डाळ करून मिळालेला पुढचा नफा धंद्याचा.

आणखी दोन प्रकारचे धंदे गावात हमखास असतात:

- बँक मित्र, सीएससी सेंटर, विमा एजंट. तुमची कमाई कमिशनची आहे. कमिशन, दलाली आणि एजन्सीला ४४एडी लागू नाही. त्यामुळे खऱ्या खर्चाची वही ठेवून आयटीआर-३ भरायचा. लोकांचे पैसे ज्या खात्यातून फिरतात ते खातं घरखर्चाच्या खात्यापासून वेगळं ठेवा.
- मालवाहू गाडी. १० पर्यंत गाड्या असतील तर कलम ४४एई आहे. १२ टनांपर्यंतच्या गाडीला दरमहा किमान ७,५०० रुपये नफा धरला जातो, गाडी घरी उभी असली तरी.

ताईंचा आर्थिक वर्ष २०२४-२५ चा हिशोब

आता आकडे करून बघू, म्हणजे डोक्यात बसेल. समजायला सोपं जावं म्हणून आकडे थोडे गोल केलेत.

डाळीची वर्षाची विक्री १४,६०,००० रुपये. त्यातले ९,००,००० यूपीआय आणि बँकेतून आले, ५,६०,००० रोख.

- ९,००,००० चे ६ टक्के = ५४,०००
- ५,६०,००० चे ८ टक्के = ४४,८००
- धंद्याचा किमान नफा = ९८,८००
- एफडीचं व्याज = ४६,०००
- एकूण करपात्र धरायचं उत्पन्न = १,४४,८००
- शेतीचं निव्वळ उत्पन्न (वेगळं दाखवायचं, करमुक्त) = १,२०,०००

नव्या पद्धतीत आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी ३ लाखांपर्यंत टॅक्स नव्हता. म्हणून टॅक्स शून्य आणि कापलेले ४,६०० रुपये पूर्ण परत. फॉर्म कोणता? शेती ५,००० च्या वर आहे, म्हणून आयटीआर-३.

यात एक प्रामाणिक गोष्ट सांगायलाच हवी. ६ आणि ८ टक्के हे *किमान* आहेत. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. ताईंचा खरा नफा वहीप्रमाणे दोन लाखांच्या आसपास आहे. दोन लाख दाखवले तरी व्याज धरून २,४६,००० होतात, म्हणजे टॅक्स शून्यच! मग ९८,८०० दाखवून काय कमावलं? उलट बँक हप्ता ठरवताना हाच आकडा बघते. कमी नफा दाखवायचा आणि मोठं कर्ज मागायचं, हे जमत नाही. ताईंना प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून अर्ज करायचाय. २०२५ मध्ये त्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान होतं. पण ते बँक कर्जाला जोडलेलं होतं. आधी कर्ज मंजूर व्हावं लागायचं.

आणि पुढच्या वर्षासाठी एक टिप. उत्पन्न मर्यादेच्या आत असेल तर एप्रिलमध्येच बँकेत टीडीएस न कापण्याचं स्वयंघोषणापत्र द्या, म्हणजे टीडीएस कापलाच जाणार नाही.

तिसरी तपासणी: सबमिट करायच्या आधी प्रिव्ह्यू वाचा

सेंटरवाल्याला, एजंटला, सीएला स्पष्ट सांगा, "आधी प्रिव्ह्यू पाठवा, मी बघतो, मग सबमिट करा." यात लाजायचं काही नाही. मग हे बघा:

१. नाव, पॅन, फॉर्मचा नंबर, कर निर्धारण वर्ष.
२. मोबाईल नंबर आणि ईमेल तुमचाच आहे का?
३. एआयएसमधलं प्रत्येक व्याज, कमिशन उत्पन्नात आलंय का?
४. टीडीएसचा आकडा २६एएसशी जुळतो का?
५. शेतीचं उत्पन्न दाखवलंय का?
६. रिफंडसाठी दिलेलं बँक खातं तुमचं आणि पोर्टलवर व्हॅलिडेट केलेलं आहे का?
७. तुम्ही कधी न केलेली वजावट तर टाकली नाही ना?

सातवा मुद्दा नीट समजून घ्या. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढून देणाऱ्या एजंटांवर मोठी कारवाई केल्याचं जाहीर केलं. ज्या राज्यांत असे प्रकार सापडले त्यांत महाराष्ट्रही आहे. घरभाडं नसताना घरभाडं, राजकीय पक्षाला न दिलेली देणगी, नसलेलं शैक्षणिक कर्ज, असं काहीही टाकायचं आणि रिफंडमधून कमिशन घ्यायचं, हा त्यांचा धंदा. खात्याच्या माहितीनुसार त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले. त्याच निवेदनात आणखी एक गोष्ट आहे. हे एजंट रिटर्न भरण्यापुरते तात्पुरते ईमेल आयडी तयार करतात, नंतर सोडून देतात, आणि खात्याच्या नोटिसा न वाचताच पडून राहतात.

किन्हीराजाच्या ताईंच्या बाबतीत कुणी फसवणूक केली नव्हती, नुसता आळस होता. पण नोटीस न पोचण्याचं कारण तेच. "जास्त रिफंड काढून देतो, माझे इतके टक्के" असं कुणी म्हणालं की उठून या. पैसे त्याने खाल्ले तरी उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

रिटर्न भरल्यानंतरही काम संपत नाही

सबमिट केल्यावर ३० दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय करायचं. आधार ओटीपीने दोन मिनिटांत होतं. हे राहिलं तर रिटर्न पूर्ण झालं असं धरत नाहीत. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाईल चालू असला पाहिजे.

त्यानंतर महिन्यातून एकदा, समजा दर पाच तारखेला, पोर्टलवर जाऊन दोन ठिकाणी बघा. 'व्ह्यू फाईल्ड रिटर्न्स' मध्ये रिटर्नची स्थिती, आणि 'पेंडिंग ॲक्शन्स' खाली 'ई-प्रोसीडिंग्ज' मध्ये एखादी नोटीस. मेसेज आला नाही तरी बघायचं.

२०२५ मध्ये भरलेल्या रिटर्नमध्ये चूक सापडली तर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत सुधारित रिटर्न भरता येत होतं. म्हणूनच लवकर भरा, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो.

आणि फसव्या मेसेजपासून सावध! "तुमचा १५,००० रिफंड मंजूर, लिंकवर क्लिक करा" असे मेसेज या दिवसांत येतात. लिंकवर जाऊ नका. पत्ता स्वतः टाईप करा, इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन. ओटीपी, पिन, पासवर्ड आयकर खातं फोनवर मागत नाही. नोटीस खरी आहे का हे तपासायचं असेल तर तिच्यावरचा दस्तऐवज क्रमांक पोर्टलवर टाकून लॉगिन न करताही पडताळता येतो. अडलं तर पोर्टलची हेल्पलाईन आहे, १८०० १०३ ००२५.

ताईंचं पुढे काय?

मागच्या वर्षीचे ४,६०० आता सहज मिळणार नाहीत. मुदत संपल्यानंतर भरायच्या अपडेटेड रिटर्नमध्ये रिफंड मागता येत नाही. विलंब माफ करण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, त्यासाठी त्यांना सीएकडे पाठवलंय. पण पोर्टलवरचा ईमेल आणि मोबाईल त्यांनी त्याच दिवशी बदलला. यंदाचा एआयएस काढला, वहीशी जुळवला. परवा फोन आला, "सर, यंदा प्रिव्ह्यू मी वाचला. त्यात शेती नव्हती दाखवली. मी म्हटलं, टाक भाऊ, सात-बारा आहे माह्या नावावर." ऐकून बरं वाटलं.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम एवढंच. आज पोर्टलवर लॉगिन करा, 'माय प्रोफाईल' उघडा आणि बघा, तिथे मोबाईल आणि ईमेल कुणाचा आहे. तुमचा नसेल तर आधी तो बदला. मग एआयएस काढा आणि या लेखातले सात मुद्दे वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. मोठी रक्कम, जमिनीचा व्यवहार किंवा जुनी नोटीस असेल तर स्वतः प्रयोग करू नका, सीएचा सल्ला घ्या.

पुढच्या भागात वही कशी ठेवायची ते बघू. विक्री, उधारी आणि घरखर्च, तीन वेगळी पानं. तोपर्यंत धंदा जोरात करा आणि कागद नीट ठेवा. भेटू लवकरच!